चेतवणे, चिथावणे, भारणे, माथी भडकवणे : यांतला नेमका शब्द कोणता?

अनुवादिका_धरमपेठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी नागपुरात राहते आणि इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. सध्या मध्ययुगीन युरोपातील धर्मयुद्धांवरचा मजकूर हाती आहे आणि एका क्रियापदाने मला चार दिवस अडवून ठेवले आहे. इंग्रजीत ‘फनॅटिक’ या शब्दापासून ‘फनॅटिसाइझ’ असे क्रियापद होते. एखाद्या माणसात किंवा समूहात पराकोटीचा, विचाराला न जुमानणारा आवेश निर्माण करणे, असा त्याचा अर्थ. माझ्या मजकुरात ते तीन ठिकाणी येते. पहिल्यांदा नोव्हेंबर १०९५ मध्ये फ्रान्समधील क्लेरमाँ येथे पोप दुसरे अर्बन यांनी धर्मयुद्धाची हाक देत केलेल्या भाषणाच्या वर्णनात, दुसऱ्यांदा गावोगाव फिरून गरिबांना जेरुसलेमच्या वाटेला लावणाऱ्या पीटर या बैराग्याच्या संदर्भात, आणि तिसऱ्यांदा १०९६ मध्ये ऱ्हाइन नदीकाठच्या शहरांत ज्यूंची कत्तल करणाऱ्या टोळ्यांबद्दल.

मी आधी ‘भारून टाकले’ लिहिले आणि खोडले, कारण त्यात कौतुक डोकावते. मग ‘चेतवले’ लिहिले. संपादकांनी समासात पेन्सिलीने ‘भडकवले?’ असे लिहून प्रश्नचिन्हाखाली दोन रेघा ओढून पान परत पाठवले. त्या दोन रेघांपाशी मी थांबले आहे.

‘धर्मांध’, ‘धर्मवेडा’, ‘माथेफिरू’ ही नामे आणि विशेषणे आपल्याकडे आहेत, पण ‘धर्मांध करणे’ म्हटले की वाक्य लुळे पडते. या अर्थाचे जिवंत, बोलण्यातले क्रियापद मराठीत आहे का? असल्यास त्याचा वापर कुठे शोभतो आणि कुठे शोभत नाही?

महालकर

‘माथी भडकवणे’ हा वाक्प्रचार याच कामासाठी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातले अनेकवचन मला महत्त्वाचे वाटते. एकाच माणसाच्या बाबतीत आपण ‘त्याचे डोके फिरवले’ म्हणतो, पण ‘माथी’ म्हटले की समोर जमाव उभा राहतो. तुमच्या तिन्ही ठिकाणी जमावच आहे. संपादकांचा प्रश्न योग्य आहे.

फुंकणी

महालकरांशी मी पूर्ण सहमत नाही, आणि ‘चेतवणे’ या शब्दाच्या बाजूने मला थोडे सविस्तर लिहायचे आहे.

आमच्या घरी चूल होती तोवर आई ‘चूल पेटव’ आणि ‘चूल चेतव’ ही दोन वेगळी कामे सांगत असे. पेटवायची ती विझलेली चूल, म्हणजे नवी काडी, नवा जाळ. चेतवायची ती रात्रीची राख दडपून ठेवलेली चूल. पहाटे आई चिमट्याने राख बाजूला करायची, खालचा निखारा उघडा पडला की त्यावर तुऱ्हाटीच्या दोन काड्या ठेवायची आणि फुंकणीने हळूहळू फुंकर घालायची. जोरात फुंकले की राख डोळ्यांत जाते आणि निखारा काळा पडतो, हे मी स्वतः चुकून शिकले. आधीपासून असलेल्या आगीला वारा देऊन ज्वाळेपर्यंत नेणे, हा ‘चेतवणे’चा मूळ व्यवहार आहे. चित्, चेतना, चैतन्य यांच्याशी त्याचे नाते आहे आणि बोलताना ते जाणवतेही.

‘चेतवले’ म्हणताना ऐकणाऱ्याच्या आत काहीतरी आधीपासून धुमसत होते, असे आपण गृहीत धरतो. क्लेरमाँच्या जमावात ते होते की नव्हते, हे अनुवादिकाताईंना मूळ मजकुरावरून ठरवावे लागेल. ‘भडकवणे’त ते गृहीतक नसते. तिथे कुणीतरी बाहेरून तेल ओतलेले असते.

दंडसंहिता

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, म्हणून या शब्दांकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहतो. कायद्याच्या मराठीत ‘चिथावणी’ आणि ‘अपप्रेरणा’ हे दोन शब्द रोजच्या वापरातले आहेत. अपप्रेरणा व्यापक आहे. चिथावणी देणे, कटात सामील होणे आणि हेतुपुरस्सर साहाय्य करणे, असे तिचे तीन मार्ग जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम १०७ मध्ये सांगितलेले होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४५ मध्येही ते तसेच आहेत. म्हणजे चिथावणी हा अपप्रेरणेचा एक प्रकार ठरतो.

आमच्या दृष्टीने चिथावणीला नेहमी एक लक्ष्य लागते. अमुक एक कृत्य कर, अमक्याविरुद्ध उठ, असा तिचा रोख असतो. नुसता आवेश निर्माण केला आणि कोणतेही कृत्य सुचवले नाही, तर चिथावणी सिद्ध करणे फार अवघड जाते. याउलट धर्म, वंश, भाषा अशा कारणांवरून समूहांत वैर वाढवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पूर्वी तो कलम १५३-अ मध्ये होता, आता कलम १९६ मध्ये आहे. तिथे मनःस्थिती निर्माण करण्यालाच वजन आहे. वृत्तपत्रे मात्र दोन्हींना सरसकट ‘चिथावणीखोर भाषण’ म्हणतात आणि हा भेद पुसला जातो, याची मला खंत वाटते.

तुमच्या तिसऱ्या ठिकाणी, ऱ्हाइनकाठी, लक्ष्य ठरलेले आहे. तिथे ‘चिथावले’ चालेल. पहिल्या ठिकाणी लक्ष्य दूर आहे, पण आहेच. दुसऱ्या ठिकाणी मला ते अंधूक दिसते.

महालकर

वकीलसाहेब, मुद्दा मान्य आहे. फक्त एक भर घालतो. ‘चिथावणे’ क्षणाचे काम आहे, भांडणातही ते होते. अनुवादिकाताईंच्या शब्दात दीर्घकाळ टिकणारी अवस्था आहे. शेकडो कोस पायी चालत जाणाऱ्या माणसाला नुसते चिथावून भागत नाही.

निवृत्त_मास्तर

मी तीस वर्षे शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवले. चर्चा वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो.

आधी त्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी जाऊ, कारण तिथेच उत्तराची दिशा आहे. लॅटिनमध्ये ‘फानुम’ म्हणजे देवस्थान. त्यावरून झालेल्या ‘फानातिकुस’चा अर्थ देवस्थानाशी संबंधित, आणि पुढे देवाने झपाटलेला, भान हरपलेला असा झाला. रोममध्ये युद्धदेवता बेलोना हिच्या उपासकांना हा शब्द लावत. ते आवेशात स्वतःच्या दंडांवर शस्त्राने जखमा करून घेत. हे वाचल्यावर मला लहानपणी आमच्या गल्लीत येणारा मरीआईचा पोतराज आठवला. कमरेला रंगीत खणांचे घागरे, हातात कोरडा, आणि त्या कोरड्याचे फटके स्वतःच्याच अंगावर. आसुडाचा आवाज आधी यायचा आणि पोतराज नंतर दिसायचा.

आता मराठी शब्द पाहा. ‘आवेश’ हा आ आणि विश् यांपासून आला आहे. विश् म्हणजे आत शिरणे, ‘प्रवेश’मधला तोच धातू. म्हणजे आवेश ही मुळात आपली गोष्ट नाही, ती आपल्यात शिरलेली गोष्ट आहे. ‘संचार’ही तसाच. अंगात देवीचा संचार होतो आणि सैन्यात वीरश्रीही संचारते. ‘भारणे’ मंत्राचे आहे. भारलेला दोरा आपण मनगटाला बांधतो. ‘झपाटणे’ आणि ‘पछाडणे’ ही भुतांची क्रियापदे. लॅटिन बोलणाऱ्या माणसाने आणि मराठी बोलणाऱ्या माणसाने एकमेकांना न विचारता एकच गोष्ट पाहिली होती. पराकोटीचा आवेश आला की माणसाच्या आत दुसरेच कुणीतरी बोलू लागते.

आपल्या भाषेने त्यातही फरक ठेवला आहे. देव शिरला तर संचार, मंत्राने झाले तर भारणे, भूत शिरले तर झपाटणे. कोण शिरले हे बोलणारा ठरवतो, आणि त्याचा निवाडा त्या क्रियापदातच उमटतो. त्यामुळे तिन्ही ठिकाणी एकच शब्द बसवण्याचा हट्ट धरू नये, असे मला वाटते. इंग्रजी क्रियापद निवाडा एकदाच करते, मराठीला तो प्रत्येक वेळी करावा लागतो.

अनुवादिका_धरमपेठ

मास्तर, तुमचे मनापासून आभार. ‘आवेश’ आणि ‘प्रवेश’ एकाच धातूचे आहेत हे माहीत असूनही मी ते कधी जोडून पाहिले नव्हते. माझी अडचण मात्र अजून थोडी उरली आहे. ‘संचार’ म्हटले की आपण नकळत हात जोडतो. ‘झपाटले’ म्हटले तर एखादी व्यक्ती कामाने झपाटली असेही आपण कौतुकाने म्हणतो. शब्द आपल्या जागेवर थांबत नाहीत.

वर्धाकाठ

मी वर्धा जिल्ह्यातला आहे, शिक्षण नागपूरला झाले. ‘चेतवणे’ या शब्दाबद्दल आमच्या भागातले एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. त्या दिवशी चिमूर आणि आष्टी ही दोन गावे इंग्रज सत्तेविरुद्ध उठली. त्याआधी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने या भागात गावोगाव होत होती. उठावानंतर त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवले गेले. आज आमच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. माझे आजोबा तेव्हा तरुण होते आणि भजनाला बसत असत. त्यांनी मला एकदा खंजिरी हातात घेऊन दाखवली. लहानसे कडे, एका बाजूला चामडे, कडेला चकत्या. बोटे चामड्यावर पडली की आधी ठोका आणि मागून चकत्यांची किणकिण येते, आणि पाच मिनिटांत बसलेल्या माणसाचा पाय आपोआप ठेका धरतो. आजोबा म्हणत, ‘महाराजांनी आम्हाला भडकवलं नाही, चेतवलं.’ हा फरक ते ठासून करत.

मला त्यांचे म्हणणे मनापासून पटते. तरी प्रामाणिकपणे एक गोष्ट लिहायला हवी. त्या दिवशी चिमूरला पोलिसांच्या गोळीबारात माणसे पडली आणि जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. चेतवलेली चूल कुठवर जळेल हे फुंकर घालणाऱ्याच्या हाती राहतेच असे नाही.

दंडसंहिता

वर्धाकाठ, तुमच्या आजोबांचा ‘चेतवलं’ हा शब्द आणि त्या काळच्या सरकारच्या दृष्टीने झालेली ‘चिथावणी’, दोन्ही एकाच घटनेबद्दल आहेत. शब्द निवडताना आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत, हे लपवता येत नाही. अनुवादकाला तर मूळ लेखक जिथे उभा आहे तिथेच उभे राहावे लागते.

याला जोडून नागपूरचे दुसरे उदाहरण देतो. १९२३ चा झेंडा सत्याग्रह याच शहरात झाला. सिव्हिल लाइन्सकडे तिरंगा घेऊन जाण्यास बंदी होती. स्वयंसेवकांच्या तुकड्या झेंडा घेऊन निघत, अटक करून घेत, आणि पुन्हा नवी तुकडी निघे. जमनालाल बजाज यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली. त्या लोकांच्या आवेशाला पराकोटीचाच म्हणावे लागेल, कारण त्यांना तुरुंग समोर दिसत होता. पण त्याला ‘माथी भडकली’ असे कुणीही म्हणणार नाही. म्हणजे आवेश किती होता यावर शब्द ठरत नाही.

इतवारी

मला शास्त्र कळत नाही, पण अनुभव सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागातून मारबत, म्हणजे रोगराई आणि अनिष्ट गोष्टी घालवण्यासाठी काढलेल्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही. ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी एका टोकाला उठते आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत आपल्याही तोंडून बाहेर पडलेली असते. मी ठरवून ओरडलो, असे मला एकाही वर्षी आठवत नाही. दुसऱ्या दिवशी घसा बसलेला असतो. इथे कुणी कुणाला चिथावलेले नसते, भडकवलेले नसते, तरी माणूस बेभान होतो. यासाठी आमच्याकडे ‘अंगात येणे’ म्हणतात, आणि ‘चाबी भरणे’ म्हणतात ते मात्र वेगळे. चाबी भरली म्हणजे कुणीतरी मागे उभा राहून त्याला किल्ली दिली आणि तो आपला खेळण्यासारखा चालू लागला. पीटर बैराग्याच्या लोकांना अंगात आले होते की कुणी चाबी भरली होती, एवढे ताईंनी ठरवावे.

निवृत्त_मास्तर

इतवारी, ‘शास्त्र कळत नाही’ असे म्हणू नका. कोशातून सहज हाती लागणार नाही असा भेद तुम्ही नेमका सांगितला आहे. ‘चाबी भरणे’त माणसाचे यंत्र होते. ‘अंगात येणे’त तो माणूसच राहतो, फक्त स्वतःचा राहत नाही.

रामटेकची

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. आतापर्यंत चर्चा आगीच्या आणि अंगात येण्याच्या शब्दांभोवती फिरली आहे. मला तिसरे घराणे दाखवायचे आहे.

माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात होती. पांढरे लुगडे नेसून, कडेवर माझ्या वडिलांना घेऊन ती आमच्या गावाहून बहुतेक वाट पायी चालत आली होती. त्या मैदानावर, म्हणजे आजच्या दीक्षाभूमीवर, लाखो माणसे होती. तिने मला ते अनेकदा सांगितले, आणि सांगताना तिचा आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा. बाबासाहेबांनी प्रतिज्ञा म्हणायला सुरुवात केली तेव्हा आजूबाजूचे सगळे मोठ्याने म्हणत होते आणि ती मात्र एक एक शब्द नीट ऐकून मग म्हणत होती, कारण ‘काय म्हणतो आहोत ते कळायला पाहिजे होतं’, असे ती सांगे. त्या दिवसाबद्दल ती ‘भारलो’ म्हणाली नाही, ‘पेटलो’ म्हणाली नाही. ‘आम्ही जागे झालो’, एवढेच म्हणाली. घरी परतल्यावर तिने त्याच आठवड्यात घरातले देव विसर्जित केले आणि पुढे आयुष्यभर मागे वळून पाहिले नाही. इतका पक्का निर्धार मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

बुध् म्हणजे जागे होणे, जाणणे. बुद्ध, बोध, प्रबोधन, प्रबुद्ध हे सगळे त्याच घराण्यातले. बाबासाहेबांनी १९५६ मध्येच आपल्या पत्राचे नाव ‘प्रबुद्ध भारत’ केले होते. म्हणून माझ्या मते प्रश्न असा विचारायला हवा की, आवेशाच्या क्षणी त्या माणसाचे भान वाढले की हरपले? भान वाढले असेल तर ‘जागवणे’, आणि हरपले असेल तर मास्तरांनी सांगितलेली सगळी क्रियापदे. वकीलसाहेबांच्या झेंडा सत्याग्रहाचे कोडेही यातून सुटते असे मला वाटते, कारण अटक होणार हे माहीत असून त्या तुकडीत उभा राहणारा माणूस शुद्धीवर होता.

दंडसंहिता

रामटेकचीताई, कोडे सुटले. तुमच्या आजींना माझा नमस्कार कळवा, आणि त्या आता नसतील तर त्यांच्या स्मृतीला नमस्कार.

संत्रानगरी

थोडे बाजूला जातो, पण विषय सोडत नाही. ‘फॅन’ हा शब्दही ‘फनॅटिक’चेच तोडलेले रूप मानला जातो. जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर तोंडाला रंग फासून बसणारे आपण सगळे त्या देवस्थानातलेच. आपल्याकडे ‘कट्टर’ या शब्दाचा प्रवासही उलट दिशेने झाला आहे. माझ्या वडिलांच्या तोंडी ‘कट्टर’ ही तक्रार होती, आता लोक तो शब्द गाडीच्या मागच्या काचेवर अभिमानाने लावतात. एका पिढीत शब्दाचा रंग इतका बदलत असेल, तर ताईंनी ‘कट्टर बनवले’ हा पर्याय मुळीच घेऊ नये. आजचा तरुण वाचक ती स्तुती समजेल.

फुंकणी

संत्रानगरी यांच्या इशाऱ्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. शिवाय ‘भारावणे’ आणि ‘भारणे’ यांतही गल्लत होऊ देऊ नये. ‘भारावून गेले’ हे सत्कारसमारंभाचे वाक्य आहे, त्यात कृतज्ञता आणि ओलावा असतो. ‘भारून टाकले’मध्ये मंत्र टाकणारा दुसरा कुणीतरी हजर असतो. ताईंनी सुरुवातीला ‘भारून टाकले’ खोडले ते कौतुकाच्या भीतीने, पण ती भीती मुख्यतः ‘भारावणे’ची आहे.

अनुवादिका_धरमपेठ

काल रात्री पुन्हा मूळ मजकूर काढून बसले. रामटेकचीताईंची कसोटी आणि वकीलसाहेबांची लक्ष्याची कसोटी, दोन्ही हाताशी ठेवल्या आणि तीन ठिकाणी तीन शब्द निवडले.

क्लेरमाँच्या सभेत लोकांनी ‘देवाची हीच इच्छा’ असा घोष केला, असे वृत्तान्तकारांनी लिहिले आहे. देवाच्या नावाने सगळे एका आवाजात बोलू लागले, म्हणून तिथे संचाराचेच क्रियापद घेतले : ‘अर्बन यांच्या भाषणाने जमावात आवेश संचरला.’ क्रियापद अकर्मक झाल्यामुळे पोप पडद्याआड जातील ही धास्ती होती, पण ‘भाषणाने’ या तृतीयेने त्यांना वाक्यात धरून ठेवले आहे.

पीटरच्या बाबतीत लेखकाने लिहिले आहे की लोक त्याच्या खेचराचे केससुद्धा पवित्र वस्तू म्हणून उपटून नेत. तिथे मंत्र टाकणारा उघड दिसतो : ‘पीटरने गावोगावच्या गरिबांना असे भारून टाकले की पेरणीचा विचार न करता त्यांनी घरे सोडली.’ आधी खोडलेला शब्द परत आला, कारण त्याच्यापुढच्या ‘असे’ने आणि पेरणीने त्यातले कौतुक काढून घेतले.

ऱ्हाइनकाठी मात्र महालकर म्हणाले तेच. माइन्झ आणि वर्म्स येथे शेजारी राहणाऱ्या माणसांना मारले गेले. ‘टोळ्यांच्या म्होरक्यांनी त्यांची माथी भडकवली.’ तिथे मला दुसरे काहीही लिहायचे नाही.

‘चेतवणे’ तिन्ही ठिकाणांहून काढले. फुंकणीताईंच्या चुलीपाशीच ते असू दे.

महालकर

तिसरे वाक्य ‘त्यांची’ शिवाय अधिक नेमके होईल. ‘टोळ्यांच्या म्होरक्यांनी माथी भडकवली.’ कोणाची, हे उघड आहे.

फुंकणी

ताई, तिन्ही निवडी मला पटल्या. फक्त पहिल्या वाक्यात ‘संचरला’ नको, ‘संचारला’ हवे. वीरश्री संचारते, उत्साह संचारतो, तसाच आवेशही संचारतो. ‘संचरणे’ कानाला संस्कृत पोथीतले वाटते.

अनुवादिका_धरमपेठ

दोन्ही दुरुस्त्या केल्या. पान आज दुपारी संपादकांकडे पाठवते आहे. समासातले ते प्रश्नचिन्ह मी खोडलेले नाही, त्याच्याशेजारी या तिन्ही वाक्यांचे पान क्रमांक लिहिले आहेत.